दीडपट शिडाचे उतारवय

१९२६ साली इटलीतल्या जिनोआ बंदरातल्या शर्यतींत स्वेन सालेन हा स्वीडिश गृहस्थ 'लिलियन' ही सहा-मीटर वर्गातली बोट घेऊन उतरला. (हे सहा मीटर म्हणजे बोटीची लांबी नव्हे, एका किचकट सूत्राचे उत्तर. बोट प्रत्यक्षात बरीच लांब असते.) नाळेकडचे त्रिकोणी शीड एरवी डोलकाठीपाशी संपते. सालेनचे शीड डोलकाठी ओलांडून मागच्या शिडावर पदरासारखे आले होते. नियमात मोजला जाई तो डोलकाठीपुढचा त्रिकोण. मागे जाणारे कापड हिशेबातच नाही! उभी हयात बँकेत काढलेल्या मला सालेन अगदी ओळखीचा वाटतो. परिपत्रक काढणाऱ्यापेक्षा ते वाचणारा नेहमीच हुशार असतो. असो. त्या शिडाला पुढे 'जिनोआ' हेच नाव पडले.

१९७० नंतरच्या 'आयओआर' नियमाने हे मागचे कापड मोजायला घेतले खरे, पण त्रिकोणाच्या तळाच्या दीडपटीपर्यंत जादा भार लावला नाही. मग दीडपटीहून कमी कोण शिवून घेणार? बोटींची मागची शिडे अरुंद झाली, पुढची अवाढव्य. दोन शिडांमधल्या फटीतून वारा जोराने घुसतो म्हणून वेग वाढतो, असे तोवर सगळे सांगत. आर्वेल जेंट्री या वायुगतितज्ज्ञाने १९७३ मध्ये दाखवून दिले, की फटीत वारा उलट मंदावतो. मागच्या शिडामुळे पुढच्याला अधिक वारा मिळतो, ही खरी गोम.

पण या शिडाला माणसे लागतात. वारा एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर घ्यायचा, की हे सगळे कापड डोलकाठीपुढून ओढून पलीकडे न्यायचे आणि विंच फिरवून ताणायचे. दर वळणाला हेच. त्या काळच्या बोटी आजही आहेत, त्यांचे मालक मात्र आता सत्तरीला टेकलेत. सोबतची पाच दणकट पोरे पांगली, बोटीवर उरले नवरा-बायको. एकाएकी वारा चढला तर हे शीड उतरवणे दोघांच्या हातात राहत नाही. इथे हौसेपेक्षा हातपाय शाबूत राहण्याचा प्रश्न असतो.

शीडही म्हातारे होते. डेक्रॉनचे कापड फाटण्याआधी ताणते, त्याचा फुगा मागे सरकतो. मग बोट कलते फार, पण वाऱ्याच्या तोंडावर चढत नाही. शर्यतीतून ते बाद. पण वारा पाठीमागून असला, की काठीने कोपरा बाहेर धरून तेच शीड झकास ओढते. आमच्या डेड स्टॉक रजिस्टरमध्ये शून्य किंमत लिहिलेल्या खुर्च्यांवर बसून आम्ही कोट्यवधींची कर्जे मंजूर केली, ते आठवते.

दुसऱ्या बोटीला द्यायचे तर पुढच्या कडेची उंची आधी जुळली पाहिजे. उन्हाने कापडाआधी शिवणीचा दोरा कुजतो, म्हणून टाचणीने टाके उचकून पाहतात. दोरा सुटला तर नवी शिवण घालता येते. कापडच कडकड वाजून फाटू लागले तर काही उपाय नाही. अमेरिकेतल्या मेन राज्यात पोर्टलंडला १९९९ पासून जुन्या शिडांच्या पिशव्या शिवण्याचा धंदा चालतो. पिशव्या देखण्या असतात. पण ज्या शिडात अजून वारा भरतो त्याची पिशवी करू नये, असे माझे मत.

शर्यतीच्या बोटींचेही असेच दुसरे आयुष्य निघाले. एडवर्ड हीथ यांनी 'एस अँड एस ३४' जातीच्या 'मॉर्निंग क्लाउड'वर १९६९ ची सिडनी-होबार्ट शर्यत जिंकली आणि पुढच्याच वर्षी ते ब्रिटनचे पंतप्रधान झाले. त्याच जातीच्या बोटींवरून १९९९ मध्ये जेसी मार्टिन आणि २०१० मध्ये सोळा वर्षांची जेसिका वॉटसन एकेकटे पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. आपले दिलीप दोंदेही २०१० मध्येच 'म्हादेई'वरून तशी प्रदक्षिणा पुरी करणारे पहिले भारतीय ठरले. एकट्या माणसाला आवरेल तेवढेच कापड हवे असते.

म्हणून कारागीर जिनोआ जमिनीवर पसरतो, मागची ताणलेली कड कापून टाकतो, कोपरा पुढे सरकवून नव्याने मजबूत करतो आणि पुढच्या कडेला गुंडाळीत सरकणारी पट्टी शिवतो. उरलेले शीड लहान असते, पण दोघांना पेलते.