कण्हणारे सुकाणू : आवाजावरून दोष कसा ओळखावा

झाशी म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे प्रथम बंगरा टेकडीवरील किल्ला उभा राहतो. त्या किल्ल्याच्या पायथ्याशी, अठराव्या शतकाच्या मध्यास नारो शंकरांच्या अमदानीत वाढलेले जुने शहर आहे. खंडेराव दरवाजा, ओरछा दरवाजा, दतिया दरवाजा या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या वेशींच्या आतल्या गल्ल्या घोडा, मेणा आणि बैलगाडी यांच्या मापाने आखलेल्या आहेत. आता त्यांत मोटारी शिरतात. शहराबाहेर मात्र उत्तर-दक्षिण जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ आणि पूर्व-पश्चिम जाणारा महामार्ग २७ एकमेकांस भेटतात. तेव्हा येथील एकाच गाडीला सकाळी अरुंद वळणावर तीन-चार वेळा मागेपुढे करावे लागते आणि दुपारी मोकळ्या रस्त्यावर धावावे लागते. ऐकणाऱ्यास नवल वाटेल, परंतु स्टिअरिंगच्या यंत्रणेला यांतील पहिले काम अधिक जड जाते.

उभी गाडी वळविताना पुढील टायर जमिनीवर जागच्या जागी रगडले जातात. घर्षण तेव्हा सर्वांत अधिक असते. त्याच वेळी इंजिन मंद चालत असते आणि त्याच्यावर फिरणारा पंपही मंद फिरतो. म्हणजे मदतीची गरज सर्वाधिक आणि पंपाची गती सर्वांत कमी! त्यात झाशीचे हवामान. मे महिन्यात पारा ४५ अंश सेल्सियसच्या पुढे जातो, जानेवारीच्या पहाटे तो पाच अंशांच्या आसपास उतरतो. आणि भोवतालच्या ग्रॅनाइटच्या प्रदेशात खडी फोडणाऱ्या यंत्रांची बारीक धूळ उडत असते. उष्णतेने रबर कडक होते, थंडीने तेल घट्ट होते, धूळ कोठेही शिरते. अशा गाडीचे स्टिअरिंग एक दिवस कण्हू लागले तर त्यात आश्चर्य नाही. ते कण्हणे नेमके कशाचे, हे न पाहताच नवा पंप बसविला जातो आणि आठवडाभरात तोच आवाज पुन्हा ऐकू येतो, ही गोष्ट मात्र टाळता येण्याजोगी आहे.

मनुष्याच्या हातास यंत्राचे बळ जोडण्याची ही युक्ती फ्रान्सिस डेव्हिस या अमेरिकन अभियंत्याने १९२६ साली एका पिअर्स-अॅरो मोटारीवर चालवून दाखविली. ती खर्चिक ठरल्यामुळे बाजारात येण्यास पंचवीस वर्षे लागली. १९५१ साली क्रायस्लर कंपनीने ती आपल्या इंपीरियल मोटारीत प्रथम विक्रीस आणली. मूळ तत्त्व आजही तेच आहे. इंजिनाच्या पट्ट्यावर एक छोटा पंप फिरतो. त्याच्या आत लंबगोल पोकळीत फिरणारे चक्र असून त्याच्या खाचांत पातळ पाती असतात. ही पाती टाकीतील तेल एका बाजूने ओढून घेतात आणि दुसऱ्या बाजूने दाबाखाली पुढे ढकलतात. ते तेल स्टिअरिंगच्या दांड्यावरील झडपेपाशी जाते. चालकाने चक्र फिरविले की झडपेतील एक बारीक पोलादी दांडी किंचित पीळ खाते, तेवढ्याने तेलाची वाट बदलते, आणि दातेरी दांड्यावरील दट्ट्याच्या योग्य त्या बाजूवर दाब येऊन चाके वळतात. चक्र सरळ असताना तेल निमूटपणे टाकीत परतते.

दाब किती? चक्र एका टोकास नेऊन तसेच धरून ठेवले तर सामान्य मोटारीत तो दर चौरस सेंटिमीटरला ८० किलोग्रॅमच्याही वर जाऊ शकतो, म्हणजे टायरमधील हवेच्या दाबाच्या सुमारे चाळीस पट. याहून अधिक झाल्यास नळ्या फुटतील, म्हणून पंपात जादा दाब सोडून देणारी एक झडप असते. टोकाशी ऐकू येणारा ‘सुऽऽ’ असा सुस्कारा तिचाच असतो. तो दोष नव्हे. परंतु चक्र टोकाशी पाच सेकंदांहून अधिक काळ दाबून धरू नये; तेल क्षणात तापते.

आता मुख्य प्रश्न हवेचा. तेल दाबले जात नाही, हवा दाबली जाते; सारी यंत्रणा पहिल्या गोष्टीवर विसंबून आहे. तेलात हवेचे बुडबुडे मिसळले की ते पंपाच्या कमी दाबाच्या बाजूस फुगतात आणि अधिक दाबाच्या बाजूस येताच एकदम चेपले जातात. चेपण्याच्या या असंख्य सूक्ष्म आघातांचा मिळून जो एकसंध स्वर होतो तेच ते कण्हणे. हवा बाहेरून आली नाही, तरी पंपास पुरेसे तेल न मिळाल्यास तेलातच बाष्पाच्या पोकळ्या निर्माण होतात आणि परिणाम तोच होतो. जहाजांच्या पंख्यांच्या बाबतीत हा प्रकार गेल्या शतकाच्या आधीच लक्षात आला होता. चार्ल्स पार्सन्स याने १८९५ साली त्याच्या अभ्यासासाठी पाण्याची एक खास बंदिस्त नळी बांधली, आणि लॉर्ड रॅले याने १९१७ साली अशी पोकळी मिटताना निर्माण होणाऱ्या दाबाचे गणित मांडले. तो दाब अल्पकाळ टिकतो, परंतु कठीण धातूलाही खड्डे पाडण्याइतका तीव्र असतो. म्हणूनच कण्हणाऱ्या पंपाकडे महिनोन्‌महिने दुर्लक्ष केले तर जो पंप मुळात निर्दोष होता तोही खरोखरच बिघडतो.

प्रथम गाडीस तेलाचे स्टिअरिंग आहे की विजेचे, ते पाहावे. १९८८ साली जपानमध्ये सुझुकीच्या सर्व्हो या छोट्या मोटारीत विजेच्या मोटरने साह्य देणारे स्टिअरिंग आले, आणि आज लहान गाड्यांत बहुधा तेच असते. इंजिनापाशी स्टिअरिंगच्या तेलाची डबी नसेल तर पुढील बहुतेक मजकूर त्या गाडीस लागू नाही. तेथे घरी बॅटरीची तारजोडणी स्वच्छ व घट्ट आहे ना एवढे पाहावे. चक्राखालील भाग मात्र उघडू नये, कारण त्याच्या शेजारी सुरक्षा-पिशवीची स्फोटक योजना असते.

डबी असल्यास गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढून उभी करावी आणि कान द्यावा. इंजिन सुरू होताच आणि चक्र झटकन वळविताच तीक्ष्ण किंचाळी येत असेल तर तो पट्टा होय. उन्हाने त्याचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होतो आणि तो कप्पीवर घसरतो. इंजिन बंद असताना, खड्ड्यातून जाताना किंवा चक्र थोडे इकडेतिकडे हलविताना ‘खट्’ असा आवाज येत असेल तर त्याचा तेलाशी संबंध नाही. तो चाकांना जोडणाऱ्या दांड्यांच्या झिजलेल्या गोल सांध्यांचा आवाज आहे, आणि त्या गाडीने हमरस्त्यावर जाऊच नये; असा सांधा निसटला तर चाक चालकाच्या ताब्यात राहत नाही. तेलाचे साह्य नाहीसे झाले तर स्टिअरिंग केवळ जड होते, कारण चक्रापासून चाकांपर्यंतची लोखंडी जोडणी कायम असते. हा फरक प्रत्येक चालकास ठाऊक असला पाहिजे.

इंजिनाच्या गतीबरोबर चढणारा आणि चक्र वळविताना वाढणारा स्वर मात्र पंपाकडचा. जानेवारीच्या पहाटे तो मिनिटभर येऊन थांबत असेल तर तेल थंडीने घट्ट झालेले आहे, एवढाच त्याचा अर्थ. इंजिन तापल्यावरही तो राहत असेल तर डबीचे झाकण उघडावे. उघडण्यापूर्वी झाकणाभोवतीची धूळ फडक्याने पुसून घ्यावी. झाशीसारख्या गावी हे विसरणे म्हणजे स्वतःच्या हाताने वाळू घालणे होय. तेल खुणेखाली असेल तर झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या जातीचेच तेल घालावे. ब्रेकचे तेल चुकूनही घालू नये. त्या तेलात येथील रबरी वायसर फुगतात आणि सारी यंत्रणा गळू लागते.

तेलावर फेस किंवा दुधी रंग दिसला तर हवा शिरली आहे, यात संशय नाही. आणखी एक सोपी खूण अशी की इंजिन बंद केल्यावर तेलाची पातळी वर चढते. आत चेपली गेलेली हवा मोकळी होऊन फुगते, म्हणून. येथेच पुष्कळांची फसगत होते. गाडीखाली तेलाचा थेंबही पडलेला नसतो, त्यावरून गळती नाही असे ते समजतात. डबीपासून पंपापर्यंतची रबरी नळी ही ओढणाऱ्या बाजूची नळी आहे. इंजिन चालू असताना तिच्या आतील दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. तेथे क्लिप सैल झाली किंवा उन्हाने कडक झालेल्या रबरास तोंडाशी चीर पडली तर तेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. कोरडी जमीन ही निर्दोषपणाची खूण नव्हे.

म्हणून इंजिन बंद ठेवून त्या नळीची दोन्ही टोके हाताने वळवून पाहावीत. तोंडाशी रबर कडक लागले, भेगा दिसल्या किंवा क्लिप फिरली तर बहुधा दोष सापडला. संशय राहिल्यास सांध्यावर थोडे ग्रीस चोपडून इंजिन चालू करावे. ग्रीसने भेग बुजून स्वर बदलला तर शंका उरत नाही. या वेळी बाहीची टोके, दुपट्टा, साडीचा पदर फिरत्या पट्ट्यापासून दूर ठेवावेत. विजेवर चालणारा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरू शकतो. नवी नळी घेताना तेल सोसणारी घ्यावी. पाण्याची रबरी नळी स्वस्त मिळते, पण ती थोड्याच दिवसांत आतून विरघळून तिचे कण पंपात जातात.

पंपातून निघणारी दुसरी नळी मात्र पूर्ण दाबाची. तिच्यावरील बारीक छिद्र बोटाने चाचपून शोधू नये. एवढ्या दाबाचा तेलाचा फवारा सुईसारखा कातडीत घुसतो आणि वरून जखम क्षुल्लक दिसली तरी बोट गमावण्याची वेळ येऊ शकते. पुठ्ठ्याचा तुकडा जवळ धरून त्यावर डाग उमटतो का ते पाहावे, आणि ही नळी बदलण्याचे काम कारखान्यात सोपवावे. तिच्यातून गळणारे तेल तापलेल्या धुराड्यावर पडले तर पेटू शकते. तेव्हा हे काम पुढच्या आठवड्यावर ढकलण्यासारखे नाही.

नळी निर्दोष असूनही स्वर येत असेल तर डबीच्या तळाशी पाहावे. पुष्कळ गाड्यांत तेथे बारीक जाळी असते. धूळ आणि रबराचे कण साचून ती बुजली की डबी तुडुंब भरलेली असूनही पंप उपाशी राहतो. जुने तेल काळे झाले असेल, त्याला जळकट वास येत असेल, तर मोठ्या पिचकारीने ते काढून घेऊन नवे भरावे, गाडी थोडी चालवावी आणि पुन्हा तसेच करावे. तीन-चार वेळांत बहुतेक तेल बदलते. जाळी या उपायाने साफ होत नाही. डबी उतरवून धुवावी, आणि जाळी आतच बसविलेली असेल तर डबीच नवी घ्यावी. गळती बंद करणारी म्हणून विकली जाणारी औषधे रबर फुगवून काही काळ काम भागवितात, कायमचा उपाय करीत नाहीत.

दोष दूर झाल्यावर आत राहिलेली हवा काढणे हे काम सोपे, पण उतावळ्या माणसाचे नव्हे. पुढील दोन्ही चाके जॅकने उचलून गाडी भक्कम लोखंडी घोड्यांवर टेकवावी. केवळ जॅकच्या भरवशावर राहू नये. मागील चाकांना दगड लावावेत. इंजिन बंद ठेवूनच चक्र एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पंधरा-वीस वेळा सावकाश फिरवावे. दुसऱ्या माणसाने डबीवर नजर ठेवून पातळी उतरेल तसे तेल घालीत जावे. डबी एकदा रिकामी झाली की सारी मेहनत पुन्हा पहिल्यापासून. बुडबुडे येणे थांबल्यावर इंजिन सुरू करून आणखी काही वेळा चक्र फिरवावे, टोकाशी न थांबता. फेस दिसला तर इंजिन बंद करून तासभर तेल निवळू द्यावे.

एवढे करूनही तेल स्वच्छ, पट्टा ताठ, नळ्या नव्या आणि स्वर मात्र तसाच, असे झाले तर पंपाची पाती किंवा धारवे झिजलेले आहेत असे समजावे. तेव्हाच नव्या पंपाचा खर्च करावा. जुन्या पंपाबरोबर नव्यात घाण जाऊ नये म्हणून नळ्या व डबी आधी धुऊन घ्याव्यात. काढलेले तेल झाकणाच्या डब्यात भरून मोटार-कारखान्यात द्यावे. गटारात ओतलेले तेल पावसाबरोबर पहूज नदीच्या वाटेला लागते.