जादा वजनाचा ‘सारस’

‘सारस’ हे बंगळुरूच्या नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीज या सरकारी संस्थेने आरेखन केलेले १४ आसनी, दोन टर्बोप्रॉप इंजिनांचे विमान. मोठ्या विमानापुरते प्रवासी रोज मिळणे कठीण अशा शहरांसाठी याच वर्गातली विमाने लागतात. सारसचा पहिला नमुना २९ मे २००४ रोजी उडाला. उत्पादन मात्र कधीच सुरू झाले नाही.

टर्बोप्रॉपमध्ये जेटसारखेच गॅस टर्बाइन असते, पण त्याची बहुतेक शक्ती प्रॉपेलर फिरवण्यात जाते. कमी अंतरावर ते जेटपेक्षा कमी इंधन जाळते. सारसची इंजिने पंखांवर नव्हे, तर शेपटीजवळ बसवलेली होती आणि त्यांचे प्रॉपेलर विमान ओढण्याऐवजी मागून ढकलत. त्याने केबिनमधला आवाज घटतो, पंखांवरून हवाही सुरळीत वाहते. मात्र प्रॉपेलरच्या वाट्याला ढवळलेली हवा येते आणि भार मागे सरकल्याने तोल साधणे किचकट होते.

खरे दुखणे वजनाचे होते. पहिला नमुना ठरल्यापेक्षा सुमारे ९०० किलो जड भरला. सामानासह एक प्रवासी शंभर किलोंचा धरला, तर चौदापैकी नऊ जागा तिथेच गेल्या!

दुसरा नमुना एप्रिल २००७ मध्ये उडाला. ६ मार्च २००९ रोजी बंगळुरूजवळ बिडदी येथे तो कोसळला आणि हवाई दलाचे तिघे मृत्युमुखी पडले. एक इंजिन हवेतच बंद करून पुन्हा सुरू करण्याची ती चाचणी होती. बंद इंजिनाच्या प्रॉपेलरची पाती हवेच्या दिशेला समांतर वळवावी लागतात, नाहीतर ती ब्रेकचे काम करतात. इंजिन पुन्हा सुरू करण्याची ठरवलेली कार्यपद्धतीच चुकीची होती, असे चौकशीत आढळले.

पुढे निधी आटला. काही वर्षांनी काम पुन्हा हाती घेऊन पहिलाच नमुना सुधारून, जास्त ताकदीची इंजिने लावून २४ जानेवारी २०१८ रोजी पुन्हा उडवण्यात आला. त्याच्या महिनाभर आधी, लहान शहरे विमानसेवेने जोडणाऱ्या केंद्राच्या ‘उडान’ योजनेत एअर डेक्कनने नाशिकची सेवा सुरू केली होती, ती अमेरिकी बीचक्राफ्ट १९०० डी विमानांनी. त्यांची इंजिनेही सारसप्रमाणेच पीटी-६ या टर्बोप्रॉप इंजिनांच्या कुळातली. नाशिकजवळच्या ज्या ओझरला लढाऊ विमाने बनतात, तिथे छोटे प्रवासी विमान आले ते परदेशी. ती सेवाही फार टिकली नाही.

नंतर १९ आसनी ‘सारस मार्क-२’चे आरेखन हाती घेण्यात आले. जुन्या १४ आसनी सारसचे मात्र एकही तिकीट कधी विकले गेले नाही.