जुन्या वस्तूंचे सौदागर : ड्यूव्हीन घराण्याची हकिगत

माळ्यावर जुनं पितळेचं घंगाळ असलं की कधी ना कधी दारात माणूस येतोच. “मावशी, हे देऊन टाका, नवं स्टीलचं पातेलं घ्या.” तुम्हीही कधी दिलं असेल. पण ते घंगाळ पुढे कुठे जातं आणि कितीला जातं? ज्या घराण्याने या प्रश्नावरच पेढी उभारली, त्याची ही हकिगत.

हॉलंडमधल्या मेपेल गावचा जोएल ड्यूव्हीन १८६६ साली इंग्लंडात हल बंदरी आला आणि किरकोळ व्यापार करू लागला. हॉलंडच्या जहाजांनी पूर्वी चीनहून निळ्या नक्षीची भांडी ढिगाने आणली होती. तिकडे ती मुबलक, इंग्लंडच्या श्रीमंतांना मात्र त्यांचं वेड. जोएलची नजर पक्की होती हे खरंच. पण त्याला दोन्ही बाजारांचे भाव ठाऊक होते, ही खरी मेख.

१८७७ साली धाकटा भाऊ हेन्री न्यूयॉर्कला जाऊन बसला. त्याच सुमारास अमेरिकेचा स्वस्त गहू इंग्लंडात येऊ लागला, तिथल्या शेतमालाचे भाव कोसळले, जमीनदारांचा खंड आटला आणि वाड्यांतली चित्रं विक्रीला निघू लागली. घेणारे कोण? अमेरिकेचेच कोट्यधीश! जोएलचा थोरला मुलगा जोसेफ याने हे बरोबर हेरलं. १९२१ साली गेन्सबरोचं ‘ब्लू बॉय’ हे चित्र त्याने हंटिंग्टन या अमेरिकन धनिकाला सुमारे सव्वासात लाख डॉलरना विकलं.

आता काळी बाजू. १९१० साली न्यूयॉर्कच्या दुकानावर जकात बुडवल्याबद्दल धाड पडली, जबर दंड भरावा लागला. आणि चित्र अस्सल की नाही हे सांगणारा नामांकित जाणकार बेरेन्सन १९१२ पासून गुपचूप नफ्यात वाटेकरी होता. मापाडीच व्यापाऱ्याचा भागीदार, म्हणा ना!

जोसेफला एकच मुलगी. १९३९ साली तो वारला, पेढी जुन्या सहकाऱ्यांनी चालवली आणि १९६४ साली ती मालासकट विकली गेली. ‘ब्लू बॉय’ २०२२ साली, बरोबर शंभर वर्षांनी, लंडनला पाहुणा म्हणून आला. लोकांनी डोळे भरून पाहिला आणि चार महिन्यांत तो कॅलिफोर्नियाला परत गेला.