जपानी पत्ता, राधानगरीच्या पत्त्यावर

समजा, जुलै महिना आहे. बाहेर धो धो पाऊस. राधानगरी धरणाचा स्वयंचलित दरवाजा उघडल्याचा मेसेज घरच्या ग्रुपवर चार जणांनी टाकलाय. तेवढ्यात पोस्टमनकाका प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं पाकीट घेऊन दारात. पाठवणारा जपानमधला.

"काय आलंय एवढं लांबनं?" आई विचारते.

"पत्ता."

"कुणाचा पत्ता?"

"कुणाचा न्हवं, खेळायचा पत्ता. एकच आहे."

"एकच? मग बाकीचे एकावन्न कुठं गेले?"

प्रश्न विनोदी वाटला तरी सगळा मुद्दा त्यातच आहे. बावन्न नकोत, एकच हवा, आणि तोही आपण निवडलेला. जपानी पोकेमॉन कार्डं जमवणारे याला 'सिंगल' घेणं म्हणतात. तुम्हाला हा नाद लागला असेल, किंवा लागायच्या बेतात असेल, तर पॉकेटमनी उडवण्याआधी एवढं वाचा.

पाकीट म्हणजे लॉटरी

पोकेमॉनचा पत्त्यांचा खेळ जपानात ऑक्टोबर १९९६मध्ये सुरू झाला. इंग्रजी पत्ते आले ते थेट १९९९मध्ये. आपल्याकडे दादा-ताईंच्या पिढीने चिप्सच्या पाकिटातले पोकेमॉनचे ताझो जमवले. कोणता ताझो निघणार, हे पाकीट फोडल्याशिवाय कळायचं नाही. हव्या त्या एका ताझोसाठी नको तेवढे चिप्स पोटात जायचे. कार्डांच्या पाकिटाचं गणित तेच आहे, फक्त इथं खायला चिप्सही नाहीत.

जपानी पाकिटात साधारण ५ पत्ते असतात आणि एका बॉक्समध्ये साधारण ३० पाकिटं. म्हणजे दीडशे पत्ते. त्यातले बहुतेक साधे आणि पुन्हा पुन्हा तेच येणारे. खरोखर दुर्मीळ पत्ते बोटांवर मोजण्याइतके. त्यात तुम्हाला हवा असलेलाच निघेल, याची खात्री कोणीच देत नाही. पाकीट फोडण्यात मजा आहे, नाही असं नाही. पण तेव्हा आपण ती मजा विकत घेत असतो, पत्ता नव्हे. सिंगल घेताना उलट असतं. थरार कमी, पण पैसे कशाला दिले हे नक्की माहीत.

घाटाखालचं जुनं वेड

पत्त्यांचं वेड आपल्याला जपानकडून शिकायची गरज नाही. राधानगरीवरून दाजीपूर ओलांडून फोंडा घाट उतरा, कणकवलीहून दक्षिणेला वळा, की सावंतवाडी. तिथल्या राजवाड्यात आजही गंजिफाचे पत्ते हाताने रंगवले जातात. आकाराने गोल. दशावतारी गंजिफात दहा अवतारांचे दहा संच, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत असे बारा पत्ते. एकूण १२०. त्यातला मत्स्य किंवा नरसिंह हातात घेतला की माणूस आधी चित्र बघतो.

जपानची गोष्टही तशीच सुरू होते. निन्टेन्डो ही कंपनी १८८९मध्ये क्योटोत सुरू झाली ती 'हानाफुदा' नावाचे फुलापानांचे पत्ते बनवायला. व्हिडिओ गेम फार नंतरचे. जपानी भाषेत पत्त्यांना 'कारुता' असाही शब्द आहे, तो पोर्तुगिजांकडून गेलेला. गोव्याच्या शेजारी राहणाऱ्यांना त्याचं नवल वाटायला नको.

पोकेमॉनच्या पत्त्यावरही चित्रकाराचं नाव छापलेलं असतं. पहिल्या संचातला पिकाचू काढणारे मित्सुहिरो आरिता हे आजही नावाजलेले. काही संग्राहक पोकेमॉन न बघता फक्त एका चित्रकाराचे पत्ते जमवतात. कमी पैशांत सुरुवात करायला हा रस्ता फार चांगला, कारण मोठ्या चित्रकारांनी साधे, स्वस्त पत्तेही काढलेले असतात.

पत्ता वाचायचा कसा?

जपानी येत नाही म्हणून घाबरू नका. खालच्या कोपऱ्यात बघा. तिथे संचाचा कोड, पत्त्याचा क्रमांक आणि दुर्मीळपणाची अक्षरं असतात. जून २०२३मध्ये जपानात 'पोकेमॉन कार्ड १५१' नावाचा संच आला. त्याचा कोड 'एसव्ही२ए'. त्यातल्या एका पिकाचूवर १७३/१६५ असं लिहिलंय. संच १६५चा आणि पत्ता १७३वा, हे कसं? छपाईची चूक नाही ती. एकूण आकड्याच्या पुढचा क्रमांक म्हणजे नेहमीच्या यादीबाहेरचा खास पत्ता. पुढे 'एआर', 'एसआर', 'एसएआर' अशी अक्षरं दिसतात. तो दुर्मीळपणाचा दर्जा. शोधताना नाव टाकण्यापेक्षा कोड आणि क्रमांक टाका. एकाच पिकाचूचे ढीगभर पत्ते आहेत, पण कोड आणि क्रमांक मिळून पत्ता एकच.

नावं काताकाना लिपीत असतात. मूळ अक्षरं ४६. रोज पाच शिकलात तर दहा दिवसांत नावं वाचता येतील. आणि वाचता आलं की गंमत सुरू होते. इंग्रजीतला बल्बासोर जपानीत 'फुशिगिदाने'. फुशिगि म्हणजे नवल, आणि 'दाने' म्हणजे बी. आपला दाणा आठवला तरी चालेल. पण हेच शब्द सुटे करून 'फुशिगि दा ने' म्हटलं, तर अर्थ होतो 'नवलच आहे, नाही का?' पाठीवर बी घेऊन फिरणाऱ्या प्राण्याला याहून चांगलं नाव कोणतं? हा विनोद इंग्रजी पत्त्यावर सापडणार नाही. जपानी पत्ता घ्यायचं हे माझ्या मते सगळ्यात चांगलं कारण.

'एकदम छान' म्हणजे किती छान?

सिंगल घेताना किंमत ठरते ती अवस्थेवर. जपानी दुकानदार याबाबत काटेकोर असतात. चार शब्द लक्षात ठेवा. 'बिहिन' म्हणजे चांगल्या अवस्थेतला. 'किझु' म्हणजे ओरखडा. 'शिरोकाके' म्हणजे कडेचा रंग उडून पांढरं दिसणं. 'ओरे' म्हणजे दुमड. दुमड असलेला पत्ता बराच स्वस्त मिळतो. विकायचा नसेल, फक्त चित्र आवडलं असेल, तर खुशाल घ्या. मात्र तो दुमडलेला आहे हे आपल्याला आधी माहीत हवं, पाकीट उघडल्यावर नव्हे.

पत्ता स्वस्त, प्रवास महाग

एक येन म्हणजे अर्ध्या रुपयापेक्षा थोडं जास्त. त्यामुळे ५०० येनचा पत्ता बघून 'तीनशे रुपयांत विषय संपला' असं वाटतं. विषय तिथं सुरू होतो. जपानातली बरीच दुकानं परदेशात पाठवत नाहीत. मग मध्यस्थ सेवा लागते, म्हणजे ते तुमच्या वतीने घेतात, गोदामात ठेवतात आणि पाठवतात. त्यांचं शुल्क, जपानातल्या जपानात पोहोचवण्याचा खर्च, मग परदेशी टपाल किंवा कुरिअर, वर कस्टम ड्युटी आणि जीएसटी. एकट्या पत्त्यासाठी हा खर्च पत्त्याच्या कितीतरी पट होतो.

उपाय आपल्या ओळखीचा आहे. भिशी लावतो तसं करा. चार-पाच मित्रमैत्रिणींनी यादी एकत्र करायची, सगळे पत्ते गोदामात जमू द्यायचे आणि एकदाच मागवायचे. कोणाचा किती वाटा, हे आधी लिहून ठेवा. दोस्ती पत्त्यापेक्षा महाग असते.

आणि "पार्सलवर गिफ्ट लिहायला सांग, टॅक्स लागत नाही," हा सल्ला देणारा भेटला तर हसून सोडून द्या. परदेशातून येणाऱ्या भेटवस्तूंची करमाफी डिसेंबर २०१९मध्ये बंद झाली. राखी आणि जीवरक्षक औषधं तेवढी वगळली. विकत घेतलेली वस्तू भेट म्हणून दाखवणं हे तसंही खोटंच.

फोटो मागा, लाजू नका

हा सगळा खटाटोप नको म्हणून आपल्याकडच्या इन्स्टाग्राम विक्रेत्याकडून घेणारे बरेच. प्रामाणिक विक्रेते आहेत, पण तुम्हाला ते फोटोवरून ओळखता येत नाहीत. म्हणून काही सवयी लावून घ्या. पत्त्याशेजारी कागदावर तुमचं नाव आणि आजची तारीख लिहून काढलेला फोटो मागा. पुढून, मागून आणि तिरक्या उजेडात. चमकीवरचे ओरखडे तिरक्या उजेडातच दिसतात. जपानच्या अधिकृत साइटवर पत्ते शोधता येतात. तिथल्या चित्राशी अक्षरं, रंग, क्रमांक ताडून बघा. जपानी पत्त्याची मागची बाजू इंग्रजी पत्त्यापेक्षा वेगळी असते, हेही विसरू नका. जत्रेत आणि खेळण्यांच्या दुकानात मिळणारे ते सोनेरी प्लॅस्टिकचे पत्ते? खेळायला घ्या, संग्रहात नको.

फोटो मागितल्यावर जो चिडतो, "दुसरा गिऱ्हाईक थांबलाय, लगेच पाठव" म्हणतो, त्याला नमस्कार करा. यूपीआयने गेलेले पैसे सहज परत येत नाहीत. फसलातच, तर गप्प बसू नका. १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करा. घरी ओरडा बसेल म्हणून दोन दिवस लपवलंत, तर तेच दोन दिवस महाग पडतात.

आपला पाऊस आणि त्यांचा कागद

पत्ता हातात आला. आता खरी परीक्षा राधानगरीच्या पावसाची. भिंतीला ओल, चपलेला बुरशी, पापड मऊ. पत्ता शेवटी कागदाचाच. चमकदार पत्त्यात एका बाजूला फॉइल असतं. कागद ओल पितो, फॉइल पीत नाही, आणि पत्ता धनुष्यासारखा वाकतो. म्हणून आधी मऊ स्लीव्ह, मग कडक टॉपलोडर. पीव्हीसीचं कव्हर टाळा, ते काळाने पत्त्याला चिकटतं. पॉलिप्रॉपिलीनचं बघून घ्या. हे सगळं घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. पुड्या अधूनमधून बदला. डबा बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका. रबरबँड तर अजिबात नको. आणि उन्हाळ्यात कौतुकाने खिडकीत मांडलात तर रंग उडेल.

उद्या कितीला जाईल?

हा प्रश्न येणारच. १९९७-९८ साली जपानच्या 'कोरोकोरो' मासिकाच्या चित्रस्पर्धेतल्या विजेत्यांना 'इलस्ट्रेटर' नावाचा पिकाचूचा पत्ता बक्षीस दिला होता. त्यातला एक २०२१मध्ये यूट्यूबर लोगन पॉलने ५२ लाख ७५ हजार डॉलरच्या व्यवहारात घेतला. हा किस्सा सांगून तुम्हाला पत्ता 'गुंतवणूक' म्हणून विकणारे भेटतील. ते एक गोष्ट सांगत नाहीत. तो पत्ता दुकानात कधी आलाच नव्हता. दुकानातले पत्ते कंपनी पुन्हा छापू शकते आणि छापतेही. छापले की चढलेला भाव उतरतो. मेसचे पैसे, फीचे पैसे, उसने पैसे यात घालायचे नाहीत. यावर चर्चा नाही.

त्यापेक्षा एक साधी वही करा. प्रत्येक पत्त्याला एक पान. कोड, क्रमांक, नाव काताकानात तुमच्या हाताने. तारीख. टपाल, शुल्क, करासकट पडलेला एकूण खर्च, खोटं न लिहिता. आणि शेवटची ओळ, हा पत्ता का घेतला.

पैसे पाठवायच्या आधी ती शेवटची ओळ लिहून बघा. 'सगळे घेतायत' किंवा 'भाव वाढेल' एवढंच सुचलं, तर आज थांबा. 'फुशिगिदानेचं चित्र बघून दाजीपूरचं जंगल आठवलं' असं काही सुचलं, तर मागवा बिनधास्त. मग आईने बाकीच्या एकावन्न पत्त्यांचं विचारलं, की वहीचं ते पान तिला वाचून दाखवा.