पन्नाशीनंतरची सायकल : नवी घ्यावी की आहे तीच सुधारावी?

पन्नाशी उलटलेल्या बाईनं "मी सायकल चालवणार आहे" असं म्हटलं, की घरात आधी हशा पिकतो आणि मग काळजी सुरू होते. "आई, या वयात?" असं मुलगा विचारतो. "पडलीस म्हणजे?" असं यजमान म्हणतात. तरीही सातारा, नाशिक, कोल्हापूरसारख्या गावांत अलीकडे भल्या पहाटे सायकलवर निघालेल्या काकू आणि मावशी दिसू लागल्या आहेत. शाळा-कॉलेजात चालवलेली सायकल लग्नानंतर सुटलेली असते. मुलं मार्गी लागली, की तिची आठवण होते. जिन्याखाली मुलाची दहावीतली जाड टायरांची, डोंगरी घाटाची सायकल धूळ खात पडलेली असतेच. ती पुसायची, हवा भरायची आणि निघायचं!

दोन-तीन महिने छान जातात. मग सपाट रस्ता पुरेनासा होतो. सातारकरणीला यवतेश्वरचा घाट खुणावतो, कोल्हापूरकरणीला पन्हाळ्याची वाट. आणि पहिल्याच चढावर छाती भरून येते, गुडघे कुरकुरतात, खाली उतरून सायकल ढकलावी लागते. "आता आपल्याच्यानं होणार नाही बाई," असं म्हणून कितीतरी जणी इथंच थांबतात. सायकल पुन्हा जिन्याखाली जाते आणि मोठ्या हौसेनं मिळवलेला सकाळचा तो स्वतःचा तासही तिच्याबरोबर जातो.

म्हणूनच एक गोष्ट आधीच सांगून टाकते. चढावर सायकल अडते तेव्हा दोष बहुतेक वेळा वयाचा नसतो. तो सायकलच्या दात्यांचा, मापाचा आणि टायरांचा असतो. आणि यातलं बरंचसं थोडक्या पैशात सुधारता येतं.

दोष वयाचा की दात्यांचा?

पायडलजवळच्या मोठ्या चकतीला आणि मागच्या चाकाच्या लहान चकतीला दाते असतात. बिनगिअरच्या सायकलला पुढे ४४ आणि मागे १८ दाते आहेत असं धरू. म्हणजे पायडलचा एक फेरा झाला, की मागचं चाक जवळजवळ अडीच फेरे फिरतं आणि २६ इंची चाकाची सायकल सुमारे पाच मीटर पुढं जाते. सपाटीवर हे झकास! पण चढावर एका फेऱ्यात तुमचं आणि सायकलचं सगळं वजन पाच मीटर वर ओढायचं म्हणजे गुडघ्यांची परीक्षाच.

आता डोंगरी सायकलच्या सर्वांत हलक्या गिअरचा हिशेब पाहा. पुढे २४ दाते, मागे २८. पायडलच्या एका फेऱ्यात सायकल दोन मीटरसुद्धा जात नाही. वेग कमी होतो, पाय जास्त वेळा फिरवावे लागतात. पण प्रत्येक फेऱ्याला जोर निम्म्याहूनही कमी लागतो. विहिरीतून भरलेली घागर एका दमात ओढण्याऐवजी तांब्या-तांब्यानं पाणी काढावं, तसंच हे. पाणी तेवढंच निघतं, पण कंबर धरत नाही.

या हलक्या गिअरची एकेकाळी फार टिंगल झाली होती. १९०२ मध्ये फ्रान्समधल्या तूरिंग क्लबनं सुमारे २४० किलोमीटरच्या डोंगराळ वाटेवर एक चाचणी घेतली. एका बाजूला त्या वेळचा नामांकित सायकलपटू एदुआर्द फिशर, बिनगिअरच्या सायकलवर. दुसऱ्या बाजूला मार्त एस नावाची बाई, तीन गिअरच्या सायकलवर. बाई जिंकल्या! साऱ्या वाटेत त्यांनी जमिनीला पाय टेकवला नाही, असं तेव्हा लिहिलं गेलं. यावर आंरी देग्रांज या पत्रकारांनी शेरा मारला, की गिअर हे पंचेचाळिशी ओलांडलेल्यांसाठी ठीक आहेत. त्यांनीच पुढं १९०३ मध्ये 'तूर द फ्रान्स' ही प्रसिद्ध शर्यत सुरू केली आणि त्या शर्यतीत साखळी एका चकतीवरून दुसऱ्या चकतीवर नेणाऱ्या गिअरना परवानगी मिळायला १९३७ साल उजाडलं. आज शर्यतीतले तगडे जवानसुद्धा गिअरशिवाय डोंगर चढत नाहीत. आपण तर पंचेचाळिशी कधीच ओलांडली आहे. मग आपण का लाजायचं?

मुळातच जुन्या सायकलची लेक

डोंगरी सायकल ही काही कारखान्यातून नटूनथटून आलेली वस्तू नव्हे. १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेत, सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या मरिन परगण्यातली तरुण मंडळी जाड टायरांच्या जुन्यापुराण्या सायकली भंगारच्या भावात आणून डोंगरउतारावर पिटाळत असत. १९७६ मध्ये तिथं 'रिपॅक' नावाची शर्यत सुरू झाली. त्या जुन्या सायकलींचा ब्रेक मागच्या चाकाच्या तुंब्यात असे. उतारावर तो इतका तापे, की आतलं ग्रीस जळून जाई आणि खाली पोचल्यावर ते पुन्हा भरावं लागे. पुन्हा भरणं म्हणजे 'रिपॅक', म्हणून ते नाव. मग कुणी चांगले ब्रेक बसवले, कुणी गिअर लावले, आणि १९७७ मध्ये जो ब्रीझ यांनी खास डोंगरासाठी नवे सांगाडे बनवले. तेव्हा जुनी सायकल सुधारून चालवणं यात कमीपणा नाही. या सायकलीचा जन्मच तसा झालेला आहे.

आधी आहे ती सुधारा

नव्या सायकलच्या दुकानात शिरण्याआधी पुढच्या चार गोष्टी क्रमानं करून पाहा.

१. सीटची उंची. याला एक पैसाही लागत नाही. भिंतीला धरून सीटवर बसा, पायडल अगदी खाली न्या आणि त्यावर टाच ठेवा. पाय सरळ व्हायला हवा. मग चवड्यानं पायडल मारताना गुडघा किंचित वाकलेला राहतो, आणि तेच बरोबर. बहुतेक जणी भीतीपोटी सीट फार खाली ठेवतात आणि मग गुडघे दुखतात. एकदम उंच करू नका. आठवड्याला बोटभर वाढवा.

२. टायर. उंचवट्यांचे गुबगुबीत टायर मातीत उपयोगी, पण डांबरी रस्त्यावर ते घरघरत सायकल मागं ओढतात. तुमचं फिरणं मुख्यतः रस्त्यावर असेल, तर त्याच मापाचे कमी उंचवट्यांचे टायर घाला. सायकल एकदम हलकी झाल्यासारखी वाटेल. हवा किती भरायची ते टायरच्या कडेला छापलेलं असतं. त्या मर्यादेतच ठेवा आणि दर आठवड्याला तपासा.

३. ब्रेक. रबर झिजले असतील तर नवे बसवा आणि गंजलेल्या तारा बदला. ब्रेकचा दांडा तुमच्या बोटांना लांब पडत असेल, तर बऱ्याच दांड्यांना एक छोटा स्क्रू असतो. तो फिरवला की दांडा हाताशी येतो. आपले हात पुरुषांपेक्षा लहान असतात, हे मेकॅनिकच्या लक्षात येत नाही. आपणच सांगायचं.

४. मागच्या चकत्या. सायकलला गिअर आहेत, पण चढ जड जातो, अशी तक्रार असेल तर मागचं फ्रीव्हील बदलता येतं. सगळ्यांत मोठ्या चकतीला २८ ऐवजी ३४ दाते असलेलं फ्रीव्हील मिळतं. साखळी जुनी असेल तर तीही बरोबरच बदला, नाहीतर दात्यांवरून घसरते. गिअर बदलणारा मागचा भाग एवढी मोठी चकती पेलेल का, हे मात्र आधी विचारा.

नवी केव्हा घ्यावी?

तीन परिस्थितींत जुनीवर पैसे घालण्यात अर्थ नाही. पहिली, सांगाडाच मोठा असेल तर. माप कशानंही सुधारत नाही. दुसरी, सायकलला गिअरच नसतील तर. गिअर नव्यानं बसवायचे म्हणजे मागचं चाक, साखळी, तारा, खटके असं सगळंच आलं. तिसरी, सुधारणांचा एकूण खर्च नव्या सायकलच्या निम्म्यावर जात असेल तर. मेकॅनिककडून आधी कागदावर आकडा घ्या. "बघू, करू" यावर जाऊ नका.

साधी पण धड गिअरची डोंगरी सायकल साधारण १२ ते २० हजारांत मिळते. भिशीचे पैसे लागले, की एखाद्या वर्षी दागिन्याऐवजी हा विचार करायला हरकत नाही. आणखी एक लक्षात ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलींवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. तेव्हा त्याआधीचं दरपत्रक कुणी दाखवलं तर नवं मागा.

दुकानात काय पाहावं?

"काकू, तुम्हाला लेडीज सायकलच दाखवतो," असं दुकानदार म्हणेल. पुढं टोपली आणि मागं कॅरिअर असलेली ती सायकल भाजी आणायला उत्तम, पण तिला गिअर आहेत का ते पाहा. गिअर असतील आणि माप जुळत असेल, तर ती जरूर विचारात घ्या. आडवी दांडी खाली असलेल्या सायकलवर चढणं-उतरणं सोपं जातं, आणि आपल्या वयात पडण्याचा धोका चढता-उतरतानाच जास्त असतो.

दांडी असलेली सायकल दोन्ही पायांमध्ये घेऊन उभ्या राहा. दांडी आणि शरीर यांच्यात निदान दोन इंच मोकळी जागा हवी. पाच फूट ते सव्वापाच फूट उंचीच्या बाईला साधारण १४-१५ इंची सांगाडा लागतो. "थोडी मोठी घ्या, काही होत नाही," हे मुलांच्या बुटांबाबत ठीक आहे. सायकलबाबत मुळीच नाही.

पुढं-मागं दोन्हीकडं मोठाल्या स्प्रिंगा असलेली स्वस्त सायकल दिसायला रुबाबदार असते. तिच्या मोहात पडू नका. त्या किमतीतल्या स्प्रिंगा म्हणजे नुसतं लोखंडाचं वजन. चढावर तुमचा निम्मा जोर त्या दाबण्यातच जिरल्यासारखा वाटतो. स्प्रिंग हवीच असेल तर फक्त पुढच्या चिमट्याला, आणि शक्यतो ती बंद करण्याची सोय असलेली घ्या. वजनाची परीक्षा सोपी आहे. स्वयंपाकघरातला रिकामा गॅस सिलिंडर साधारण पंधरा किलोचा असतो. सायकल त्याहून फार जड नको. दुकानाच्या दोन पायऱ्या उचलून चढा. घरचा जिना तुम्हालाच चढायचा आहे.

चकतीचा ब्रेक पावसाळ्यात आणि चिखलात चांगला लागतो. पण पैसे बेताचे असतील, तर चांगल्या प्रतीचे साधे रिमवर दाबणारे ब्रेक स्वस्तातल्या चकतीपेक्षा बरे. कुठला दांडा कुठल्या चाकाचा, हेही दाबून पाहा. आपल्याकडं बहुधा उजवा दांडा पुढच्या चाकाचा असतो, पण सगळ्या सायकलींत तसं नसतं.

गिअर २१ आहेत की २४, याला फार महत्त्व नाही. पुढची सर्वांत लहान आणि मागची सर्वांत मोठी चकती यांचे दाते किती, एवढंच विचारा. पुढचा आकडा मागच्यापेक्षा लहान असेल तर चढाची चिंता नको. आणि उरलेल्या पैशांतून हेल्मेट, पुढचा-मागचा दिवा आणि वॉल्व्हला जुळणारा पंप घ्यायला विसरू नका.

चालवताना

चढ सुरू होण्याआधीच गिअर हलका करा. चढावर जोर लावून खटका ओढला, की साखळी कटकटते आणि उतरते. उतारावर दोन्ही ब्रेक थोडे थोडे, सोडून सोडून दाबा. ओढणी बांधून घ्या किंवा घरीच ठेवा. पायघोळ सलवारीची उजवी बाजू रबरबँडनं आवळा.

पाळी गेल्यानंतर हाडं ठिसूळ होत जातात. सायकलनं दम वाढतो, मांड्या बळकट होतात. पण बसून चालवल्यामुळं हाडांवर भार पडत नाही. म्हणून चालणं सोडू नका. रक्तदाब, हृदयविकार किंवा गुडघ्याची शस्त्रक्रिया असेल, तर घाटाला हात घालण्याआधी डॉक्टरांना विचारा.

नवी सायकल घेतली तर महिन्याभरानं पुन्हा दुकानात न्या. तारा सैलावलेल्या असतात, त्या ताणून घ्याव्या लागतात. आणि नव्या सायकलवर पहिल्याच रविवारी अख्खा घाट चढायला जाऊ नका. पहिल्या वळणापर्यंत जा, पाणी प्या, परत या. पुढच्या रविवारी दुसऱ्या वळणापर्यंत. घाट कुठं पळून जात नाही, आणि घरच्यांचा चहा एखादा दिवस अर्धा तास उशिरा झाला तर तो त्यांनाही करता येतो.