चाकांवरील बिऱ्हाड

आमच्या मातोश्रींना यंदा ७८ वें वर्ष लागलें. नर्मदेची परिक्रमा व्हावी हें गेलीं कित्येक वर्षें त्यांच्या मनांत आहे; पायीं नव्हे, मोटारीनेंच. परंतु गुडघ्यांमुळें त्यांना खालीं बसवत नाहीं, आणि वाटेंतील धर्मशाळांतून उंच बैठकीचें शौचकूप मिळेलच असा भरंवसा नसतो. एवढ्या एका अडचणीपायीं दरवर्षीं चातुर्मास संपला कीं बेत निघे आणि पौषांत तो मावळे. अखेर गेल्या वर्षीं पुतण्यानें तोड काढली. जुना लहान ट्रक घ्यावयाचा आणि त्याच्या पाठीवर निजण्याची, स्वयंपाकाची व शौचाची सोय असलेली खोलीच बांधावयाची!

वसईच्या पूर्वेस वालीव, सातिवली, गोखिवरे या बाजूस लोखंडाचीं व प्लायचीं कामें करणाऱ्या शेडांची वाण नाहीं. तेथील एका कारागिरानें दीड महिन्यांत खोली उभी केली. दिसावयास ती टुमदार होती. परंतु कामणच्या रस्त्यानें भिवंडीकडे एक फेरी मारून आणली, तों चारी कोपऱ्यांचे जोड उकललेले आणि दार कांहीं केल्या लागेना. (ही फेरीहि मारावयास नको होती, हें मागाहून कळलें.)

चूक कोठें झाली तें एका वयस्क फिटरनें समजावून दिलें. ट्रकाच्या तळाशीं दोन लांब लोखंडी तुळया व त्यांस जोडणाऱ्या आडव्या तुळया असतात. एक चाक खड्ड्यांत व दुसरें उंचवट्यावर गेलें म्हणजे ही चौकट किंचित् पिळते. ती पिळावी अशीच केलेली असते. मालाचा हौदा वरून उघडा असल्यामुळें तिच्याबरोबर लवतो. बंद खोली मात्र पेटीसारखी ताठ. ती चारी कोपऱ्यांस बोल्टांनीं आवळली कीं कांहींतरी तुटणारच. उपाय आपल्या घरांतच पाहावा. चार पायांचें स्टूल ओबडधोबड फरशीवर डुगडुगतें, तिवई डुगडुगत नाहीं. तद्वत् खोली एका टोकास दोन ठिकाणीं व दुसऱ्या टोकास मधोमध एकाच फिरत्या खिळीवर टेकवावी. परदेशांत लांबच्या प्रवासासाठीं बांधलेल्या कित्येक ट्रकांवर हीच रीत आढळते.

दुसरा घोटाळा वजनाचा. १९ मिलिमीटर जाडीच्या, आठ बाय चार फुटी प्लायच्या एका पानाचें वजन ३५ किलोच्या आसपास भरतें. आमच्या खोलींत तशीं २० पानें लागलीं होतीं. म्हणजे माणसें व सामान चढण्यापूर्वींच ७०० किलो! शिवाय १५० लिटर पाणी म्हणजे १५० किलो, आणि ती टाकी बसविली होती छताशीं. कां, तर नळाला धार चांगली यावी. घाटांतील वळणावर असली गाडी काय करील याची कल्पनाच केलेली बरी. वास्तविक लहानसा विजेचा पंप लावला कीं टाकी खुशाल तळाशीं ठेवतां येते. आमच्या अर्नाळ्याचे कोळी दिवसचे दिवस समुद्रावर राहतात. बोटींत चूल, अंथरूण, पाणी, बर्फ सारें असतें, पण जड वस्तु तळाशीं. चाकांवर घर बांधूं इच्छिणारानें आधीं एक सकाळ त्या बंदरावर काढावी, असें मला मनापासून वाटतें.

गॅस हवेहून जड असल्यामुळें तो गळल्यास जमिनीलगत सांचतो. म्हणून झरोका खालींहि हवा. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांच्या साध्या बॅटरींतून निम्मीच वीज वापरावी, म्हणजे सुमारें ६०० वॉट-तास. तेवढ्यांत ३० वॉटचे दोन पंखे रात्रभर चालतात. वातानुकूलनाचें नांव काढूं नये.

आतां कायद्याविषयीं. एकूण वजन ७,५०० किलोपर्यंत असेल तर हलक्या वाहनाचा परवाना पुरतो, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयानें नोव्हेंबर २०२४ मध्यें दिला. तेव्हां चालविण्याची अडचण नव्हती. अडचण होती ती फेरफाराची. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणें, उत्पादकानें ठरविलेला व नोंदणींत लिहिलेला तपशील बदलेल असा फेरफार मालकास आपल्या मर्जीनें करतां येत नाहीं. जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानेंहि हेंच बजावलें. मार्ग मुळींच नाहीं असें नव्हे. खाजगी वापराचा कॅम्पर हा प्रकार सरकारी यादींत आहे, त्याच्या बांधणीसाठीं एआयएस १२४ हें मानक आहे, आणि नमुन्याची तपासणी पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनसारख्या संस्था करतात. म्हणजे नवी चासी घ्यावयाची, तिजवर मान्य नमुन्याची बांधणी करवावयाची आणि मग नोंदणी. आम्हीं हा क्रम नेमका उलटा धरला होता.

ट्रकाला त्याचा हौदा परत मिळाला. खोली मागल्या अंगणांत विटांवर टेकली आहे. मातोश्री दुपारीं तींत जाऊन बसतात, परवां त्यांनीं तेथेंच चहा केला आणि पुतण्यास सांगितलें, "ओटा चार बोटें खालीं घे, आणि दाराशीं धरावयास एक कडी लाव." त्यानें वहींत दोन्ही टिपून घेतलें. नव्या चासीच्या किंमती मागविल्या आहेत. कार्तिकापूर्वीं तें जमतें कीं नाहीं, तें पाहावयाचें.