उभे पीक आणि उतारा : वनस्पतींच्या उत्पादकतेचे मापन व पूर्वानुमान

सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने हवेतील अथवा पाण्यातील कार्बन डायऑक्साइड वायूचे सेंद्रिय द्रव्यात रूपांतर करण्याच्या वनस्पतींच्या क्रियेस प्रकाशसंश्लेषण म्हणतात, हे सर्वश्रुत आहे. पृथ्वीवरील बहुतेक सर्व प्राण्यांचे अन्न अखेरीस याच क्रियेतून येते. यास्तव ही क्रिया कोठे, किती वेगाने चालते व पुढे किती चालेल हे जाणण्याची निकड शेतीशास्त्र, वनशास्त्र, मत्स्यशास्त्र आणि हवामानशास्त्र या साऱ्यांनाच भासते. तथापि या विषयातील आकडे वाचताना वाचकाचा गोंधळ होतो. एकाच समुद्राविषयीची दोन अनुमाने परस्परांच्या कित्येक पट निघतात, आणि एकाच कालखंडाविषयीचे दोन निष्कर्ष उलट दिशांना जातात. या गोंधळाचे एक मोठे कारण मापनाच्या साधनांत नसून संज्ञांच्या वापरात आहे, हे दाखवावे एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आपल्या शेतकऱ्याच्या भाषेत हा भेद स्पष्टपणे नांदतो. शेतात आज जे दिसते ते ‘उभे पीक’, आणि हंगामाअखेर एकरी जे हाती येते तो ‘उतारा’. पहिला साठा आहे; दुसऱ्यात क्षेत्र आणि काल ही दोन्ही परिमाणे अनुस्यूत आहेत. शास्त्रीय अर्थाने उत्पादकता म्हणजे हा दुसरा प्रकार होय. तिचेही दोन पोटभेद आहेत. वनस्पतीने बांधलेला एकूण कार्बन म्हणजे सकल उत्पादन. त्यातील काही भाग ती स्वतःच्या श्वसनात खर्च करते. तो वजा जाता उरते ते निव्वळ उत्पादन. (‘सकल’ऐवजी कोणी ‘ढोबळ’ हा शब्द योजतात, परंतु मराठीत ‘ढोबळ’ म्हणजे अंदाजाने सांगितलेले, आणि येथे तो अर्थ अभिप्रेत नाही.) जमिनीवरील वनस्पतींच्या बाबतीत निव्वळ उत्पादन हे सकल उत्पादनाच्या साधारणतः निम्मे असते. यावरून, कोणते उत्पादन हे न सांगता दिलेला आकडा दुपटीइतका फसवू शकतो, हे उघड आहे.

साठा आणि वेग यांतील अंतर किती पडू शकते, हे जमीन व समुद्र यांच्या तुलनेने ध्यानात येईल. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका गणनेनुसार पृथ्वीवरील वनस्पतींच्या देहांत सुमारे ४५० अब्ज टन कार्बन आहे, आणि तो जवळजवळ सर्व जमिनीवर आहे. समुद्रातील उत्पादक जीवांत मात्र तो जेमतेम १ अब्ज टन भरतो. परंतु फील्ड, बेरेनफेल्ड, रँडरसन व फाल्कोव्स्की यांनी १९९८ साली उपग्रहीय नोंदींच्या आधारे काढलेले वार्षिक निव्वळ उत्पादन जमिनीसाठी ५६.४ अब्ज टन व समुद्रासाठी ४८.५ अब्ज टन कार्बन असे आहे. साठ्यात शेकडो पटींचे अंतर, तर उत्पादनात जवळजवळ बरोबरी! याची उपपत्ती सोपी आहे. वृक्ष आपली कमाई खोडात वर्षानुवर्षे साठवितो. समुद्रातील सूक्ष्म वनस्पतिप्लवक मात्र काही दिवसांतच वाढतात, विभागतात आणि भक्षिले जातात. वरील आकड्यांचा भागाकार केल्यास समुद्रातील संपूर्ण साठा सरासरीने आठवड्याभरात बदलतो असे दिसते. म्हणून समुद्राचे उभे पीक पाहून त्याचा उतारा सांगणे विशेष धोक्याचे होय.

आता मापनाकडे वळू. जमिनीवरील जुनी रीत कापणीची. ठरावीक क्षेत्रातील वनस्पती ठरावीक अंतराने कापून, वाळवून तोलावयाच्या व वजनातील वाढ काढावयाची. गळालेली पाने आणि जनावरांनी खाल्लेला भाग यांचा हिशेब त्यात मिळवावा लागतो. मुळांचा हिशेब सर्वांत कठीण, आणि बहुधा तोच अपुरा राहतो. दुसरी, अलीकडील रीत मनोऱ्यांची. झाडोऱ्याच्या वर उभारलेल्या मनोऱ्यावर वाऱ्याचा उभा वेग व हवेतील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण एका सेकंदात अनेक वेळा नोंदले जाते. यातून मिळतो तो संपूर्ण परिसंस्थेचा जमाखर्च. मातीतील जीवजंतूंचे श्वसनही त्यात येते. म्हणजे कापणी आणि मनोरा ही एकाच राशीची दोन मापे नव्हेत.

समुद्रात नॉर्वेमधील गार्डर व ग्रान यांनी १९२७ साली प्रसिद्ध केलेली बाटल्यांची पद्धत दीर्घकाळ प्रचारात होती. समुद्राचे पाणी दोन बाटल्यांत भरावयाचे, एक पारदर्शक व एक काळी. पहिलीत प्रकाशसंश्लेषण आणि श्वसन दोन्ही चालतात, दुसरीत केवळ श्वसन. दोहोंतील प्राणवायूच्या फरकावरून सकल उत्पादन निघते. पुढे ‘गॅलाथिया’ या डॅनिश जहाजाच्या १९५०–५२ च्या सफरीत आयनर स्टीमन नील्सन यांनी किरणोत्सर्गी कार्बन-१४ वापरण्याची अधिक संवेदनशील पद्धत रूढ केली. अमेरिकन शास्त्रज्ञ गॉर्डन रायली यांचा १९४४ चा जागतिक अंदाज सव्वाशे अब्ज टनांच्या घरात होता. नव्या पद्धतीने तो २० ते २५ अब्ज टनांच्या आसपास उतरला. यावर मोठा वाद झाला. कार्बन-१४ ची पद्धत अल्पकाळाच्या प्रयोगात सकल उत्पादनाकडे, तर दीर्घकाळाच्या प्रयोगात निव्वळ उत्पादनाकडे झुकते, हे त्या वादातून स्पष्ट झाले. १९८२ च्या सुमारास आणखी एक गोष्ट उघड झाली : उपकरणांतून पाण्यात उतरणारे धातूंचे अंश प्लवकांना मारक ठरत होते, आणि त्यामुळे जुनी कित्येक मापे कमी भरली होती.

पूर्वानुमानाची पायरी याच्या पुढची. जर्मन शास्त्रज्ञ हेल्मुट लीथ यांनी १९७० नंतरच्या वर्षांत मांडलेले ‘मायामी प्रतिमान’ अगदी साधे आहे. वार्षिक सरासरी तापमानावरून एक व वार्षिक पर्जन्यावरून दुसरा असे उत्पादनाचे दोन आकडे काढावयाचे, आणि त्यांतील लहान तो ग्राह्य मानावयाचा. ७०० मिलिमीटर पाऊस व २५ अंश सरासरी तापमान असलेले देशावरील एखादे स्थान घेतल्यास तापमानाचे सूत्र दर चौरस मीटरला वर्षाकाठी सुमारे २५२० ग्रॅम शुष्क द्रव्य देते, तर पर्जन्याचे केवळ १११५ ग्रॅम. अर्थात् तेथे पाणी हेच मर्यादक ठरते. घाटमाथ्यावर ५००० मिलिमीटर पाऊस व २० अंश तापमान धरले, तर मर्यादा तापमानाची येते व उत्तर सुमारे २२३० ग्रॅम निघते. परंतु तो सारा पाऊस चार महिन्यांत कोसळतो, त्यातील बराचसा कातळावरून वाहून जातो आणि पुढे आठ महिने जमीन कोरडी राहते, हे वार्षिक बेरजेला ठाऊक नसते. सूत्राचा दोष गणिताचा नाही; ऋतू हा घटकच त्यात नाही.

जॉन माँटिथ यांनी १९७७ साली निराळा मार्ग दाखविला. इंग्लंडमधील पिकांनी अडविलेल्या सौर ऊर्जेच्या प्रत्येक मेगाजूलमागे सुमारे १.४ ग्रॅम शुष्क द्रव्य तयार होते, असे त्यांना आढळले. उपग्रहावरून पानांनी शोषिलेला प्रकाश अजमावता येऊ लागल्यावर हेच तत्त्व जगभर लागू झाले. समुद्रासाठी १९७८ पासून पाण्याच्या रंगावरून हरितद्रव्य मोजले जाते. मात्र दोन्ही ठिकाणी उपग्रह पाहतो ते उभे पीक. उतारा आपण त्यावरून अनुमानितो.

हा भेद आपल्या दारच्या अरबी समुद्रात कसोटीस लागतो. तेथे पावसाळ्यात नैर्ऋत्य वारे सोमालिया व ओमानच्या किनाऱ्यांलगत खोल पाणी वर आणतात. हिवाळ्यात उत्तर भागातील पृष्ठजल थंड होऊन खाली जाते व पोषकद्रव्ये वर येतात. ही दुसरी प्रक्रिया गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील मधुप्रताप व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली विशद केली. २००५ साली जोआकिम गोएस व सहकाऱ्यांनी असे दाखविले, की १९९७ ते २००४ या काळात पश्चिम अरबी समुद्रातील पावसाळी हरितद्रव्य कित्येक पटींनी वाढले. युरेशियातील बर्फ घटल्याने जमीन अधिक तापते व वारे बळावतात, अशी त्यांची मीमांसा होती. याउलट पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल व सहकाऱ्यांनी २०१६ साली, उपग्रहीय नोंदी व संगणकीय प्रतिमाने यांच्या आधारे, पश्चिम हिंदी महासागरातील प्लवक सहा दशकांत २० टक्क्यांपर्यंत घटल्याचा निष्कर्ष काढला; तापलेला पृष्ठथर हलका होऊन खालची पोषकद्रव्ये अडवितो, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

यांपैकी एक खरे मानून दुसरे टाकून देणे घाईचे होईल. एक कालखंड सात वर्षांचा, दुसरा सहा दशकांचा. एकाचे क्षेत्र किनाऱ्यालगतचे, दुसऱ्याचे विस्तीर्ण. वारा पाणी वर आणतो आणि उष्णता त्याला खाली दाबते. दोन्ही कारणे एकाच वेळी कार्य करू शकतात. शिवाय दोन्हीकडे प्रत्यक्ष पाहिले गेले ते हरितद्रव्य, आणि पेशीतील त्याचे प्रमाण प्रकाश व पोषण यांनुसार बदलते. ऐन पावसाळ्यात ढगांमुळे उपग्रहाची दृष्टी अडते, ती अडचण निराळीच.

कोकणच्या कोळ्याला आज जाळे कोठे टाकावे हे सांगावयाचे असेल, तर उभ्या पिकाचे ज्ञान बव्हंशी पुरते. हैदराबादच्या सागरी माहिती केंद्राकडून मिळणाऱ्या मासेमारीविषयक सूचना हरितद्रव्य व पृष्ठतापमान यांवरच आधारलेल्या असतात. परंतु त्याच्या मुलाला वीस वर्षांनी मासळी मिळेल काय, या प्रश्नाचे उत्तर उताऱ्यावर अवलंबून आहे. तेव्हा उत्पादकतेचा कोणताही आकडा समोर आला असता अभ्यासकाने तीन प्रश्न विचारावेत : हा साठा की वेग? वेग असल्यास सकल की निव्वळ? आणि तो प्रत्यक्ष मोजलेला की दुसऱ्या राशीवरून अनुमानिलेला? या तिन्हींची उत्तरे हाती आल्यावाचून दोन आकड्यांची तुलना करू नये.